कापून टाकलेला आवाज

मिरजेहून कुणी उल्हासनगर-अंबरनाथला हवापालटाला जात नाही. मी बॅग भरायला घेतली तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, "तिकडे कोण आहे आपलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. एका मुलीची माफी मागायची आहे." त्यावर एकही उपप्रश्न न विचारता त्यांनी चार दिवस एकट्याने दुकान सांभाळायचं कबूल केलं. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांचं इतकं कौतुक क्वचितच वाटलं असेल.

‘दुपारची गाणी’ या आपल्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना यातलं काही माहीत नाही आणि ग्रुपबाहेरच्यांना तर ग्रुपच माहीत नाही, म्हणून मुळापासून सांगते. आमचं मेडिकलचं दुकान आहे. कोरोनात सगळं गाव बंद आणि आम्ही तेवढे उघडे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. काउंटरमागे एकटीच उभी राहून मी मोबाइलवर गाणी शोधायला लागले. सिनेमातली नव्हेत. कुणीतरी आपल्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर रचलेली, बहुतेक बिनशब्दांची, ज्यांच्यामागे कंपनी नाही की जाहिरात नाही, अशी. ह्यांच्या भाषेत ‘टुकटुक’. एखादं आवडलं की दुपारी तीनला ओळखीच्यांना पाठवायचे. चार जणांचा ग्रुप शंभरावर कसा गेला ते मलाही कळलं नाही.

त्या शोधात ‘तिसरी पाळी’ हे नाव हाती लागलं. कोण, कुठलं, काही लिहिलेलं नव्हतं. त्यांचं ‘बॉयलर’ ऐकलं आणि माझ्या हातातली गोळ्यांची पाकिटं हातातच राहिली. आधी नुसतं वाफेचं फुसफुसणं, मग खालून हळूहळू चढणारा ठेका आणि वर पेटीसारखी एक सुरावट, भिजल्यासारखी जड. सगळं जग झोपलेलं असताना कुणीतरी जागं राहून आपलं काम करतंय, असं त्यात ऐकू यायचं. मीही त्या दिवसांत तेच करत होते. त्या गाण्याने मला किती सोबत केली ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

फक्त एक खोट होती. त्यांच्या प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला एक पुरुष खड्या आवाजात ओरडायचा, "ऐका, अंबरनाथवरनं!" की मग गाणं सुरू. मला वाटायचं, इतक्या नाजूक कामाच्या दारात हा भाजीवाला कुणी उभा केला? म्हणून मी काय केलं, तर कॉम्प्युटरवर तो आवाज कापून टाकायला शिकले. गाणं कापायचं, फाइलच्या नावापुढे ‘स्वच्छ’ असं लिहायचं आणि ग्रुपवर टाकायचं. खाली ‘तिसरी पाळी’ हे नाव मी न चुकता लिहायचे. पण फॉरवर्ड करताना खालची ओळ गळून पडते आणि नुसतं गाणं पुढे जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "काकू, मी प्रज्ञा. तिसरी पाळी म्हणजे मीच. तुमचं ‘बॉयलर स्वच्छ’ फिरत फिरत आमच्याकडे परत आलंय. कुणी पाठवलं ते विचारत विचारत तुमचा नंबर मिळाला. मूळची फाइल आहे का तुमच्याकडे, आवाजासकट?" माझ्याकडे नव्हती. कापलेलं गाणं मी मूळ गाण्यावरच साठवत गेले होते. लाजत लाजत तसं कळवलं. तिने लिहिलं, "मग निदान तुम्ही या. इथे फाइलवर कुणाचा विश्वास नाही. माणसावर आहे."

उल्हासनगर, गुरुवार

एसटीने विठ्ठलवाडी डेपोत उतरले. रिक्षावाला म्हणाला, "कौनसा कॅम्प?"

"कॅम्प नाही, उल्हासनगर."

"मावशी, पूरा उल्हासनगर कॅम्पच आहे. एक ते पाच. बोला कुठला."

फाळणीनंतर सिंधी मंडळी इथल्या लष्करी छावण्यांमध्ये येऊन राहिली आणि तेच आकडे पत्ते होऊन बसले, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे पत्ता सांगताना देऊळ, चौक आणि कुणाचे तरी सासरे लागतात. इथे एका आकड्यात काम. पण गडबडीत मी चारऐवजी तीन म्हटलं आणि अर्धा तास कपाटं, सोफे आणि आरशाची टेबलं यांच्यातून फिरले. शेवटी प्रज्ञाने फोनवर रिक्षावाल्यालाच झापलं तेव्हा ठिकाणावर पोचले.

ती स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. सत्ताविशीची, बारीक, बोटांवर वाळलेला गोंद. फाटलेले कागदी कोन काढून ती नवे चिकटवत होती. मी वाटेत घोकलेली माफी सुरू केली आणि नेमकं त्याच वेळी मागे कुणीतरी माणसाएवढा स्पीकर चालू केला. मी ओरडले, "माझं चुकलं गं!" ती ओरडली, "काय?" मी तीनदा ओरडले. दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं, तिने सोडून. आवाज थांबल्यावर ती म्हणाली, "आधी नाश्ता करा, काकू."

दुकानाच्या मालकांना सगळे साईं म्हणतात. सत्तरीचे सिंधी गृहस्थ, कानात केसांचे झुपके, पण त्याच कानांनी स्पीकरची तार कुठे सुटली ते ओळखणारे. त्यांनी दाल-पकवान मागवलं. कडक पुरीवर चण्याची डाळ, वर कांदा आणि चिंचेची चटणी. मी नेलेला भडंगाचा पुडा त्यांनी फोडला आणि सरळ डाळीवर पसरला. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर मी चिडले असते. इथे मात्र मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

या दुकानाची एक रीत आहे. दुरुस्त झालेला स्पीकर ज्याचा असेल त्याच्याच आवडीच्या गाण्यावर तपासायचा, आणि ते गाणं दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवून द्यायचं. साईं म्हणाले, "बहनजी, स्पीकर झूठ बोलता है, गाना नहीं बोलता. आपल्या गाण्यात कुठे काय आहे ते माणसाला पाठ असतं. कम पडा तो लगेच कळतं." अशी वर्षानुवर्षांची गाणी तिथे साठली आहेत. प्रज्ञा कुठल्या क्लासला गेलेली नाही. ती या साठ्यावर शिकली.

गिऱ्हाईक कमी झाल्यावर तिने मला एकेक ऐकवायला सुरुवात केली. सिंधी लग्नात बायका म्हणतात तो लाडा, त्यातल्या फक्त बायकांच्या टाळ्या ठेवून खाली खोल ठेका दिलेला. एक भीमगीत, चाल निम्म्याने संथ केलेली, मिरवणुकीतलं गाणं एकदम घरातलं वाटायला लागलं. मग मी माझ्याकडची काढली. थंडीच्या देशातल्या कुणा माणसाने बर्फ तडकल्याच्या आवाजावर रचलेलं एक लावलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "ह्याला खालचे जाड सूर फार नाय आवडत. वरच्या बारीक सुरांतच जीव आहे त्याचा." मी ते गाणं दोनशे वेळा ऐकलं असेल, पण मला हे कधी शब्दांत सांगता आलं नव्हतं. अशी सोबत मिळावी म्हणून मी रोज तीनला गाणी पाठवत होते, हे मला तिथे स्टुलावर बसून कळलं.

मग तिने अडचण सांगितली. गाणी जिथे ठेवली होती ती साइटच मागच्या पावसाळ्यात बंद पडली. त्याच पावसाळ्यात तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं आणि हार्डडिस्क गेली. उरलं ते फक्त लोकांच्या फोनमधलं, आणि लोकांच्या फोनमध्ये माझं ‘स्वच्छ’. बदलापूरकडच्या एका गावात बाळारामशेठ म्हणून मोठे साऊंडवाले आहेत, हळदीला आणि लग्नाला त्यांचा साऊंड असतो. त्यांच्याकडे ‘बॉयलर’ असंच आलं, त्यांना आवडलं, त्यांनी स्वतःचं नाव पुढे लावून वाजवायला सुरुवात केली.

"म्हणजे चोरीच की!"

"नाय हो. इथे प्रत्येक जण गाण्याच्या आत आपला आवाज टाकतो. टॅग. टॅग नाही तर माल बेवारस. बेवारस माल कुणी पण उचलतो, त्याला चोरी नाय म्हणत."

आमच्या मिरजेत तंबोरे होतात. तंबोऱ्यावर करणाऱ्याचं नाव असतं आणि ते खरवडायला कुणी धजणार नाही. मी एकामागून एक चौतीस गाण्यांवरचं नाव खरवडलं होतं, वर त्याला स्वच्छता म्हटलं होतं.

बाळारामशेठना आपल्या साऊंडसाठी कायमचा संगीत करणारा हवा होता. ‘बॉयलर’ ज्याने केलं त्यालाच ते काम देणार होते. प्रज्ञाने मीच म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, पुरावा दाखव. पनवेलचा एक जण ‘माझंच आहे’ म्हणून पुढे आला होता. शनिवारी ते कुणाला तरी हो म्हणणार होते. ती हे सांगताना गोंदाची बोटं एकमेकांवर घासत होती. दहा वर्षं दुसऱ्यांचे स्पीकर जोडल्यावर स्वतःचं गाणं स्वतःच्या नावाने वाजायची ही पहिली संधी होती.

"आणि तो ओरडणारा माणूस कोण गं?" मी विचारलं.

"उद्या घरी या. भेटवते."

अंबरनाथ पूर्व, शुक्रवार

दार तिच्या बाबांनी उघडलं. उंच, पांढरा सदरा, गळ्याभोवती सुती रुमाल. त्यांनी हात जोडले, पण बोलले काही नाहीत. मला वाटलं माझा राग आला असणार, आणि तो यायलाच हवा होता. मग ते माझ्याजवळ झुकले आणि कुजबुजले, "ऐका, अंबरनाथवरनं."

कुजबुजले, कारण तेवढंच उरलं होतं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं. "गाठ गेली, आवाजपण गेला," ते म्हणाले आणि हसले. तीस वर्षं त्यांनी कंपनीत तिसरी पाळी केली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, विहारातल्या कार्यक्रमात, वस्तीतल्या कुणाच्याही लग्नात माईक त्यांच्याच हातात असायचा. लेकीने पहिलं गाणं केलं तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, गावाचं नाव मी पुकारणार. दर गाण्याला ते नव्याने पुकारायचे. रेकॉर्ड केलेलं परत वापरू द्यायचे नाहीत.

ज्याला मी भाजीवाला म्हटलं तो आवाज या जगात आता कुठेच नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बाबाच मला कुजबुजत समजावायला लागले, म्हणजे मी आणखीच कानकोंडी झाले. "चला ताई," ते म्हणाले, "तुम्हाला आमचं देऊळ दाखवतो."

"बाबा, आपण कुठे देवळात जातो?" प्रज्ञा म्हणाली.

"देव आपला नसंल. कोरीवकाम आपल्या गावचं आहे."

शिवमंदिर मी आधी फोटोत पाहिलेलं. प्रत्यक्षात त्याच्या भिंतींवर एक बोट टेकवायलाही जागा मोकळी नाही. बाबा एकेक मूर्ती बोटाने दाखवत होते. ही केस पुसतेय, हा लढतोय, ह्याचं नाक गेलंय. बाहेर फुलवाले, भक्तांची रांग, त्यांच्या बोलण्यात बाबांचं निम्मं विरून जात होतं. गाभारा जमिनीच्या खाली आहे. आम्ही पायऱ्या उतरून गेलो तेव्हा आत फक्त एक म्हातारी होती. बाबा काहीतरी पुटपुटले आणि तो शब्द दगडांतून फिरून चांगला मोठा होऊन आला. "इथं जरा ऐकू येतं माझं," ते म्हणाले. "म्हणून येतो मधनं मधनं." प्रज्ञाला हे माहीत नव्हतं. ती तोंड वळवून पायऱ्यांकडे बघत राहिली.

आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मेडिकलवाल्याची एक सवय असते. गिऱ्हाइकाने चारच गोळ्या मागितल्या तर पाकीट कापताना बॅच नंबर आणि मुदत लिहिलेला तुकडा आपल्याकडे राखायचा. शेवटची गोळी विकेपर्यंत तो टाकायचा नाही. हाताला इतकी सवय, की गाणी कापतानाही मी कापलेला प्रत्येक तुकडा एका फोल्डरमध्ये टाकत गेले होते. फोल्डरचं नाव ‘कचरा’. कचरा म्हणून तो इतकी वर्षं माझ्या लेखी नव्हताच. आणि दुकानाचा लॅपटॉप गाणी ऐकवायला म्हणून मी बरोबर आणला होता!

घरी येऊन लॅपटॉप उघडला. ‘कचरा’ हे नाव त्यांच्यासमोर वाचायची मला लाज वाटली, पण प्रज्ञाने ते आधीच वाचलं होतं. चौतीसच्या चौतीस होते. पहिला लावला.

"ऐका, अंबरनाथवरनं!"

स्वयंपाकघरातून प्रज्ञाची आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. मी एकामागून एक लावत गेले. एकात ते खोकले आहेत. एकात मागे कुकरची शिट्टी. एकात आई म्हणते, "हळू, शेजारी झोपलेत," आणि ते आणखी मोठ्याने पुकारतात. बाबा मांडी घालून, मान खाली घालून ऐकत होते. प्रत्येक वेळी त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज समोरून येत होता. सगळे संपल्यावर आई म्हणाली, "परत लावा, पहिल्यापासून." त्या दिवशी मला त्या घरात जेवायला घातलं गेलं, बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, आणि वाढताना त्या माउलीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतकं नुकसान करून इतकी माया मिळालेली बाई मिरजेत तरी दुसरी नसेल.

बदलापूरच्या पुढे, शनिवार

बाबाही निघाले. बदलापूरला उतरल्यावर रस्त्याकडेला टोपल्या मांडून बायका जांभळं विकत होत्या. इथलं जांभूळ टपोरं आणि बी बारीक. आमच्याकडच्या जांभळात बीच जास्त, हे मी मिरजकर असूनही कबूल करते. द्रोणभर खाल्ली आणि बाळारामशेठसमोर जांभळ्या जिभेने हजर झाले. माफी मागायला जाताना काय खाऊ नये ते या प्रवासात शिकले.

गावात त्या दिवशी हळद होती. मांडवाशेजारच्या मोकळ्या शेतात साऊंडची गाडी उभी, दोन पुरुष उंचीचे स्पीकर, दुपारी चारची तपासणी चालू. बाळारामशेठ खुर्चीवर बसून नारळपाणी पीत होते. गळ्यात जाड साखळी, पण बोलणं सरळ.

"शेठ, मी मिरजेची. गाण्याचा आवाज मी कापला. या मुलीचं गाणं आहे ते."

"तुमी कापला? कशाला?"

"मला आवडला नाही म्हणून."

ते म्हणाले, "बाय, लोक मना येऊन सांगतान, गाना माजा हाय. तुमी पयल्या, ज्या सांगतान चूक माजी हाय." मग म्हणाले, "पन ये पोरीनी तुमाला शिकवून आनला नसंल कशावरून?"

मी लॅपटॉप उघडला. माझा हात काही सफाईदार नव्हता. ‘बॉयलर’ कापताना मी वाफेच्या पहिल्याच फुसकाऱ्याच्या मधोमध कापलं होतं, त्यामुळे त्याचा अर्धा भाग कापलेल्या तुकड्याच्या शेपटीला राहिला होता आणि उरलेला अर्धा गाण्याला. प्रज्ञाने तुकडा आणि गाणं एकापुढे एक ठेवलं. पडद्यावरच्या दोन्ही रेषा अशा जुळल्या, जसा पाकिटाचा कापलेला तुकडा पाकिटाला जुळावा. बाळारामशेठनी स्वतः कानाला हेडफोन लावला. तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकताना त्यांनी नारळ खाली ठेवला.

"पुकारा अंबरनाथचा हाय, मंग यो गाना पोरीचाच. पनवेलवाल्याला फोन करून सांगतंय, येऊ नको." त्यांनी गाडीवरच्या माणसाला हाक मारली. "आपला नाव काढ रे त्याच्यावरशी. हिचा लाव." मग प्रज्ञाकडे वळून, "पयल्या हळदीपासून तूच. आन् परतेक गान्याला नाव पायजे, काय? बेवारस माल मना नको."

प्रज्ञाने नुसती मान हलवली. मी मात्र भर शेतात रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. कोरोनातल्या त्या दुपारी मला ज्यांनी तगवलं ते दोघंही माझ्यासमोर उभे होते. एवढं कितींच्या वाट्याला येतं?

तिने आवाजासकट जोडलेल्या गाण्याचा पेन ड्राइव्ह गाडीवरच्या माणसाच्या हातात दिला. त्याने सगळी बटणं वर सरकवली. क्षणभर नुसती घरघर. आणि मग त्या स्पीकरमधून, मांडवावरून, भाताच्या मोकळ्या खाचरांवरून बाबांचा आवाज गेला, "ऐका, अंबरनाथवरनं!" माझ्या छातीत तो धडकला. मागून वाफ, मग ठेका.

मांडवातून नवरदेवाची आत्या कोपरापर्यंत हळद माखलेल्या हातांनी तरातरा बाहेर आली. तिच्या मागे आणखी आठ-दहा बायका.

"कोन वरडतंय रं यो?" ती ठेक्याच्या वर ओरडली. "कोन हाय यो?"

बाबांनी हात वर केला.

सगळ्या त्यांच्याकडे वळून बघायला लागल्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.